प्रेशर कुकरमधली स्मदर्ड टर्की : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नोव्हेंबर लागला की थँक्सगिव्हिंगच्या सणामुळे मराठी घरांतही टर्कीची चर्चा सुरू होते. अख्खा पक्षी भाजायचा घाट सगळ्यांना झेपत नाही, आणि त्याची गरजही नाही. कृष्णवर्णीय अमेरिकन घरांत रविवारच्या जेवणाला टर्कीची विंग्ज कांद्याच्या दाट, तपकिरी ग्रेव्हीत शिजवतात, तीच ही स्मदर्ड टर्की. टर्कीचा याहून चवदार पदार्थ मला तरी माहीत नाही. आपल्या रोजच्या कुकरमध्ये तो उत्तम होतो, फक्त कुकरकडून कोणते काम करून घ्यायचे आणि कोणते नाही हे ठाऊक हवे. पुढचे बहुतेक प्रश्न त्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

स्मदर्ड टर्की म्हणजे नेमके काय?

मांसाला कोरडा मसाला लावून ते तेलात तांबूस करायचे, त्याच भांड्यात भरपूर कांदा परतायचा, मैदा भाजून ग्रेव्ही करायची आणि मांस त्या ग्रेव्हीत झाकण ठेवून हाडापासून सुटेपर्यंत शिजू द्यायचे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत याच पद्धतीने पोर्क चॉप्स, कोंबडी, बटाटे, कोबी, भेंडीसुद्धा करतात.

आपल्या रश्शाशी तुलना करायला जाऊ नका. यात वाटण नाही, खोबरे नाही, आले नाही, टोमॅटोही नाही. दाटपणा येतो तो मैद्याने आणि हाडांतून उतरलेल्या जिलेटिनने. रंग येतो तो भाजण्यातून. मसाले मोजकेच, त्यामुळे भाजण्यात कसूर झाली तर ती झाकायला दुसरे काहीच उरत नाही.

हा पदार्थ मुळात कुणाचा? ‘सोल फूड’ कशाला म्हणतात?

गुलामगिरीतून आलेल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांनी अमेरिकेच्या दक्षिणेत जे स्वयंपाकघर उभे केले, ते हे. मळ्यांवर त्यांना मिळणारा शिधा तुटपुंजा असे: मक्याचे पीठ, खारवलेले डुकराचे मांस, काकवी. त्यात त्यांनी स्वतःच्या परसातल्या भाज्या, शिकार, नदीतले मासे आणि आफ्रिकेतून आलेली चवळी, भेंडी यांची भर घातली. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची भातशेती पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या श्रमावर आणि भाताविषयीच्या त्यांच्या जाणकारीवर उभी राहिली. मालकांच्या घरातला स्वयंपाकही बहुतेक त्यांच्याच हातचा. त्यामुळे ‘उरल्यासुरल्याचे जेवण’ एवढीच या पाककलेची ओळख करून देणे मला अन्यायाचे वाटते. स्वस्त आणि चिवट मांसाला तासन्‌तास वेळ देऊन असे मऊ करणे, हे कसबाचे काम आहे.

1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, न्यू यॉर्ककडे गेले आणि हे जेवण त्यांच्याबरोबर गेले. ‘सोल फूड’ हे नाव रूढ झाले ते 1960 च्या दशकात, नागरी हक्कांच्या चळवळीच्या आणि कृष्णवर्णीय अस्मितेच्या त्या काळात. सिल्व्हिया वुड्स यांनी न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये आपले रेस्टॉरंट 1962 मध्ये सुरू केले. अटलांटात पास्कल बंधूंच्या रेस्टॉरंटमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी जेवायला आणि बैठकांना जमत. न्यू ऑर्लिन्समध्ये लिआ चेझ यांच्या स्वयंपाकघरानेही चळवळीतल्या लोकांना असाच आसरा दिला.

आणि जॉर्जिया गिल्मोर यांचे नाव तर घ्यायलाच हवे. 1955-56 मध्ये अलाबामातल्या माँटगोमरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसबहिष्कार चालू होता तेव्हा या स्वयंपाकिणीने आपल्यासारख्याच बायका जमवून घरी केलेले जेवण आणि केक विकले आणि तो पैसा आंदोलनाला दिला. नोकरी गेली, तरी स्वतःच्या घरातून जेवण करून विकणे चालू ठेवले. हा पदार्थ करताना त्याच्यामागे असे लोक उभे आहेत हे लक्षात असावे, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

पोर्कऐवजी टर्की कशी आली?

दोन कारणे ठळक दिसतात. रक्तदाब आणि हृदयविकाराच्या चिंतेने अनेक घरांनी डुकराचे खारे मांस कमी केले. दुसरे, नेशन ऑफ इस्लाम ही कृष्णवर्णीयांची धार्मिक चळवळ आणि एकूणच मुस्लिम कृष्णवर्णीय कुटुंबांत डुकराचे मांस वर्ज्य. पालेभाजीत खारवलेल्या पोर्कच्या जागी धुरावलेली टर्की आली ती यातूनच. आणि विंग्जना भाव कमी, मांस भरपूर.

टर्कीचा कोणता भाग घ्यावा?

विंग्ज. त्या नाहीत तर ड्रमस्टिक किंवा थाय. ब्रेस्ट नको.

विंगमध्ये कातडी, सांधे आणि कूर्चा जास्त, म्हणजे कोलॅजेन जास्त. हे कोलॅजेन दमट उष्णतेत विरघळून त्याचे जिलेटिन होते, आणि ग्रेव्ही ओठांना किंचित चिकटते ती त्याच्यामुळे. ब्रेस्टमध्ये ते फारसे नसतेच. कुकरच्या तापमानाला ब्रेस्टचे धागे आवळतात, आतले पाणी निघून जाते आणि भुसा चावल्यासारखे लागते. ड्रमस्टिक चांगली, पण तिच्यात काडीसारखे कडक स्नायुबंध असतात. ते शिजल्यावर ओढून काढावे लागतात.

टर्कीची एक विंग साधारण 300 ते 500 ग्रॅमची असते, म्हणजे कोंबडीच्या विंगचा अंदाज इथे चालणार नाही. सांध्यावर सुरी टेकवून दाबली की ती सहज दोन तुकड्यांत सुटते. टोकाचा तिसरा, निमुळता भाग फेकू नका. कुकरमध्ये तळाला घाला. त्यावर खायला काही नसते, पण ग्रेव्हीला अंग येते.

कुकरमध्ये केली तर अस्सल चव येते का?

येते, पण कुकर फक्त मधले काम करतो. चव त्याच्या आधी आणि नंतर तयार होते.

परंपरेने हा पदार्थ जाड बिडाच्या भांड्यात किंवा झाकलेल्या ट्रेमध्ये, ओव्हनला 160 ते 175 अंश सेल्सिअसवर दोन-अडीच तास ठेवतात. तिथे तीन गोष्टी एकदम होतात: मांस मऊ होते, ग्रेव्ही आटते आणि कडेकडेने ती आणखी भाजली जाते. कुकर यातली पहिलीच गोष्ट करतो. ती मात्र फार झटपट करतो, कारण दाबाखाली पाणी 100 ऐवजी 115 ते 121 अंशांपर्यंत तापते आणि कोलॅजेन लवकर विरघळते. पण बंद कुकरमध्ये वाफ बाहेर पडत नाही, म्हणून रस आटत नाही. आणि मांस तांबूस व्हायला पृष्ठभाग कोरडा आणि 140 अंशांच्या वर तापलेला लागतो, तो पाण्याच्या वाफेत कधीच मिळत नाही.

तेव्हा आधी उघड्या कुकरमध्ये नीट तांबूस करणे आणि शेवटी ग्रेव्ही उघड्यावर आटवणे, या दोन पायऱ्या गाळायच्या नाहीत. ‘सगळे एकदम कुकरात घाला आणि बटण दाबा’ अशा पाककृतींतून निघते ती फिकट, उकडलेली टर्की. तिला स्मदर्ड म्हणू नये, असे मी ठामपणे सांगते.

चार-पाच माणसांसाठी प्रमाण काय?

टर्कीच्या विंग्ज दीड किलो. दोन मोठे कांदे, उभे आणि जाडसर चिरलेले. एक हिरवी ढोबळी मिरची, सेलरीच्या दोन काड्या, लसणाच्या चार-पाच पाकळ्या. चिकन स्टॉक दोन कप, शक्यतो बिनमिठाचा. मैदा पाच टेबलस्पून. तेल.

कोरडा मसाला: मीठ दीड टीस्पून, मिरपूड एक टीस्पून, पॅप्रिका, गार्लिक पावडर आणि ओनियन पावडर प्रत्येकी दोन टीस्पून, वाळलेला थाइम एक टीस्पून, सेज अर्धा टीस्पून, केयेन मिरची पाव टीस्पून. वर दोन तेजपाने.

मिठाबद्दल एक गोष्ट. अमेरिकेत मिळणाऱ्या बऱ्याच टर्कीत आधीच खारे पाणी टोचलेले असते आणि पाकिटावर बारीक अक्षरांत तसे छापलेले असते. तसे असेल तर मीठ एक टीस्पूनवर आणा. तयार क्रेओल मसाला किंवा सीझन्ड सॉल्ट वापरणार असाल तर वेगळे मीठ घालूच नका. ग्रेव्ही आटल्यावर चाखा आणि मग ठरवा. अळणी ग्रेव्ही सुधारता येते, खारट नाही.

मसाला लावून किती वेळ ठेवावे?

रात्रभर, फ्रीजमध्ये, न झाकता. मीठ आत मुरते आणि कातडी कोरडी पडते, मग ती पटकन तांबूस होते. वेळ नसेल तर अर्धा तासही चालेल, फक्त तेलात टाकण्याआधी कागदी टॉवेलने ओल टिपून घ्या.

टर्की आधी धुवावी का?

आपल्याकडे मटण-चिकन धुतल्याशिवाय चुलीवर चढत नाही. कृष्णवर्णीय अमेरिकन घरांतही व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्याने मांस धुण्याची जुनी पद्धत आहे आणि ती स्वच्छतेच्या जिव्हाळ्यातून आली आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला मात्र न धुण्याचा आहे, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू सिंक, ओटा आणि शेजारच्या कोथिंबिरीपर्यंत पोचतात. ते मरतात शिजवण्याने. धुतल्याशिवाय मन मानतच नसेल तर नळाखाली धरू नका; मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन अलगद बुडवून काढा, नंतर सिंक साबणाने घासा, आणि मांस पूर्ण कोरडे करा. ओल्या मांसाला रंग चढत नाही.

तांबूस करताना विंग्ज तळाला चिकटतात. काय चुकते?

बहुतेक वेळा घाई. कुकरचे भांडे मध्यम-मोठ्या आचेवर चांगले तापू द्या, तीन टेबलस्पून तेल घाला, तेल हलके लहरले की विंग्ज ठेवा. एकावेळी तीन-चारच. गर्दी केली की त्यांचेच पाणी सुटते आणि चुरचुर आवाज मंदावून नुसता उकळल्याचा आवाज येऊ लागतो. तो आवाज आला की समजावे, आता भाजणे थांबले आणि उकडणे सुरू झाले. पहिली चार-पाच मिनिटे हात लावू नका. कातडीला रंग आला की ती आपोआप तळ सोडते. ओढून निघत नसेल तर अजून मिनिटभर थांबा. दोन्ही बाजूंना गडद मधासारखा रंग हवा.

सगळ्या विंग्ज काढल्यावर तळाला तपकिरी थर दिसेल. तीच पुढच्या ग्रेव्हीची पुंजी. त्यात कांदा, ढोबळी मिरची, सेलरी घाला, चिमूटभर मीठ टाका. कांद्याला पाणी सुटले की लाकडी कालथ्याने तो थर खरवडत राहा. कांदा नुसता पारदर्शक होऊन भागणार नाही. कडा तपकिरी व्हायला हव्यात, त्याला दहा-बारा मिनिटे लागतात. लसूण शेवटच्या मिनिटात. मग अर्धा कप स्टॉक घालून तळ पूर्ण स्वच्छ होईस्तोवर खरवडा. तपकिरी थर काळा पडला असेल, जळकट वास येत असेल, तर मात्र तो ठेवू नका. भांडे धुऊन नव्याने कांदा परता. मग विंग्ज, उरलेला स्टॉक आणि तेजपाने घालून झाकण लावा.

मैदा कधी घालायचा? इन्स्टंट पॉट या इलेक्ट्रिक कुकरवर ‘बर्न’ (करपते आहे) असा इशारा येतो.

मैदा कुकरचे झाकण लावण्याआधी घालायचा नाही. दाट ग्रेव्ही कुकरमध्ये खाली बसते, तळाला लागते आणि करपते. इलेक्ट्रिक कुकर तो इशारा देऊन थांबतो. गॅसवरचा कुकर काहीच सांगत नाही, वासावरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणखी एक कारण आहे. मैदा वेगळ्या कढईत भाजला तर त्याचा रंग आपल्या नजरेसमोर राहतो. विंग्ज शिजल्या की त्या काढून घ्या, रस एका भांड्यात ओता आणि वर आलेली चरबी पळीने काढून घ्या. त्यातली चार टेबलस्पून कढईत घ्या, कमी पडली तर तेल घाला, आणि पाच टेबलस्पून मैदा मध्यम-मंद आचेवर आठ-दहा मिनिटे हलवत भाजा. आधी कच्च्या कणकेचा वास येतो, मग बिस्किटांचा, मग भाजलेल्या शेंगदाण्यांचा. शेंगदाण्यांचा वास आला आणि रंग पीनट बटरसारखा झाला की थांबा. इथे फोन उचलायला गेलात तर मैदा जळेल, आणि जळालेल्या मैद्याचा कडूपणा कशानेच जात नाही.

लुइझियानाच्या गंबो या दाट रश्श्यासाठी मैदा याहून पुष्कळ काळपट भाजतात. स्मदर्डसाठी तेवढा नको: मैदा जितका गडद, तितकी त्याची दाट करण्याची ताकद कमी.

किती शिट्ट्या करायच्या?

शिट्ट्या मोजू नका, मिनिटे मोजा. एका कंपनीच्या कुकरची शिट्टी दर दोन मिनिटांनी होते, दुसऱ्याची पाच मिनिटांनी. आच कमी-जास्त केली की तेही बदलते.

गॅसवरचा आपला कुकर: एक शिट्टी झाली की आच मंद करा आणि तिथून 25 ते 30 मिनिटे. नंतर गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. इलेक्ट्रिक कुकरचा दाब गॅसवरच्यापेक्षा थोडा कमी असतो, म्हणून त्यात ‘हाय’वर 35 ते 40 मिनिटे आणि नंतर निदान 15 मिनिटे तसेच ठेवणे.

वाफ झटकन सोडू नका. दाब एकदम उतरला की आतला रस जोरात उसळतो, चरबी त्यात घुसळली जाते, आणि मांस आकसून कोरडे पडते. विंग्ज शिजल्या की नाही हे बघायचे तर सुरी दोन हाडांच्या मधे घाला. काही अडथळा न होता गेली की झाले. सुरक्षिततेसाठी 74 अंश सेल्सिअस पुरतात, पण 74 अंशांना विंग चिवटच असते. ती मऊ होते 90 अंशांच्या आसपास, तिथे काही वेळ राहिल्यावर.

कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. आणि झाकण लावून कधीही तेलात तळू नका. घरगुती कुकर त्यासाठी बनवलेला नसतो.

मग ग्रेव्ही कशी पुरी करायची? माझ्या ग्रेव्हीत गुठळ्या होतात.

भाजलेल्या मैद्यात कुकरमधला रस पळी-पळीने घाला, एकदम नाही. पहिली पळी घातली की मैदा फुगून घट्ट गोळा होतो. घाबरू नका, व्हिस्कने घोटत राहा, दुसरी पळी घाला. तिसऱ्या-चौथ्या पळीला तो सैल होऊन गुळगुळीत होतो. मग उरलेला रस आणि कांदा घालून पाच-सात मिनिटे रटरटू द्या. चमच्याच्या पाठीवर थर धरेल आणि त्यावरून बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहील, इतपत दाट हवी. ताटात वाढेपर्यंत ती आणखी आळते, तेव्हा किंचित पातळ असतानाच थांबा.

गुठळ्या झाल्याच तर गाळून घ्या आणि कांदा पुन्हा घाला. फार पातळ झाली तर वरून कोरडा मैदा भुरभुरवू नका; मऊ लोण्यात तेवढाच मैदा मळून त्याची छोटी गोळी उकळत्या ग्रेव्हीत विरघळवा.

आता विंग्ज परत ग्रेव्हीत ठेवा. ओव्हन असेल तर सगळे पसरट भांड्यात घेऊन, न झाकता, 200 अंशांवर 15 मिनिटे. वर डोकावणारी कातडी पुन्हा तांबूस होते, कडेला ग्रेव्ही आटून चिकट होते, आणि तिथे जे तयार होते त्यासाठी घरात भांडणे होतात. ओव्हन नसेल तर मंद आचेवर उघडेच दहा मिनिटे.

कॅनमधले क्रीम ऑफ मशरूम सूप चालते का?

चालते, आणि कितीतरी कृष्णवर्णीय घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. कॅम्पबेल कंपनीने ते 1934 मध्ये बाजारात आणले आणि कामावरून थकून येणाऱ्या बायकांना त्याने हात दिला. त्याला कमी लेखायचे कारण नाही. ते वापराल तर मैदा निम्मा करा, मीठ जवळपास बंद करा, आणि तेही कुकर उघडल्यावरच घाला. दाबाखाली ते फुटते आणि तळाला लागते. चवीत मात्र फरक पडतो: ग्रेव्ही मऊ, दुधाळ होते आणि भाजलेल्या मैद्याचा खमंगपणा मागे पडतो. मला मैद्याची आवडते.

गरम मसाला, हळद, आले-लसूण पेस्ट घालू का?

तुमचे जेवण, तुमची मर्जी. पण पहिल्यांदा करताना घालू नका. थाइम, सेज आणि मिरपूड यांची चव सौम्य असते, आणि लवंग-दालचिनी आली की ती ऐकूच येत नाही. तिखट हवे असेल तर केयेन वाढवा, किंवा जेवताना वरून व्हिनेगरमधला हॉट सॉस घ्या, त्या घरांत घेतात तसाच. पॅप्रिका नसेल तर काश्मिरी मिरची पूड रंगाला चांगली चालते; एक टीस्पून घ्या आणि केयेन वगळा.

महाराष्ट्रात टर्की सहज मिळत नाही. कशाने भागवावे?

गावरान कोंबडीने, आणि मी तर म्हणेन आनंदाने. तिचे मांस घट्ट, हाडे मजबूत, वेळ 25 मिनिटांच्या आसपास, रस भरपूर. ब्रॉयलर घेणार असाल तर फक्त तंगड्या घ्या आणि एका शिट्टीनंतर मंद आचेवर आठ मिनिटांत थांबा, नाहीतर हाडे वेगळी आणि धागे वेगळे होतील. सेलरी मिळाली नाही तर तिच्या जागी कोथिंबिरीची देठे घालू नका, सरळ वगळा. गोव्यात नाताळाच्या सुमारास टर्की मिळते; तिथे भरलेली टर्की भाजायची पद्धत आहे, त्यातून विंग्ज बाजूला काढून हा पदार्थ करता येईल.

गहू चालत नाही अशा माणसासाठी?

तांदळाचे पीठ चरबीत हलके भाजून वापरा. ते मैद्याइतके खमंग होत नाही, पण दाटपणा चांगला येतो. कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून शेवटी घातले तर ग्रेव्ही चकचकीत होते, आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडते.

धुरावलेल्या विंग्ज आणल्या. त्या वापरू का?

त्या आधीच शिजलेल्या आणि बऱ्याच खाऱ्या असतात. त्यांची खरी जागा कोलार्ड ग्रीन्स या जाड पानांच्या पालेभाजीत: विंग पाण्यात अर्धा तास कुकरमध्ये उकळून त्या पाण्यात पाला शिजवायचा, शेवटी थोडे व्हिनेगर. स्मदर्डसाठी कच्च्याच घ्या.

थँक्सगिव्हिंगची उरलेली टर्की अशी करता येईल?

येईल, पण कुकर काढू नका. ती एकदा शिजली आहे. पुन्हा दाबाखाली गेली की तिचा चोथा होतो. हाडे मात्र कुकरमध्ये घाला, पाणी घालून तासभर शिजवा आणि त्या स्टॉकची ग्रेव्ही करा. मांसाचे तुकडे शेवटी ग्रेव्हीत घालून नुसते गरम करा.

सोबत काय वाढावे?

मोकळा पांढरा भात किंवा लोणी घातलेला कुस्करलेला बटाटा. ग्रेव्ही मुरायला काहीतरी हवेच. शेजारी कोलार्ड ग्रीन्स, मक्याचा पाव, चीज घातलेली मॅकरोनी, साखर-लोण्यातली रताळी. नव्या वर्षाच्या दिवशी दक्षिणेत चवळी आणि भात शुभ म्हणून करतात. त्या दिवशी सोबत ही टर्की असेल तर ताट भरून जाते. भातासाठी बासमतीपेक्षा कमी वासाचा तांदूळ चांगला. आंबेमोहोर नको, त्याचा सुगंध ग्रेव्हीवर कुरघोडी करतो. भाकरीबरोबर खाल्ली तर? छान लागते, विशेषतः ज्वारीच्या.

किती दिवस टिकते?

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. तिथे तीन-चार दिवस. थंड झाल्यावर ग्रेव्ही जेलीसारखी थिजते, ती बिघडलेली नसते, ते जिलेटिन आहे. गरम करताना थोडे पाणी किंवा स्टॉक घालून मंद आचेवर सैल करा. दुसऱ्या दिवशी चव अधिक मुरलेली असते, म्हणून पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी करून ठेवायला हरकत नाही. वरची चरबी थिजते तीही तेव्हा सहज काढता येते. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने, विंग्ज ग्रेव्हीत बुडवून.

आम्ही डेन्व्हरला राहतो. वेळ बदलेल का?

हो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटरवर आहे. तिथे बाहेरचा हवेचा दाबच कमी, त्यामुळे कुकरमधले तापमानही थोडे कमी राहते. दिलेल्या वेळेत साधारण 15 टक्के वाढ करा, म्हणजे 30 ऐवजी 35 मिनिटे. ग्रेव्ही मात्र तिथे लवकर आटते, तेव्हा स्टॉक पाव कप जास्त जवळ ठेवा.

कुकरच्या रिंगला टर्कीचा आणि थाइमचा वास बसतो. दुसऱ्या दिवशीच्या वरणाला तो येतो.

सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते. काढून साबणाने धुवा, उन्हात वाळवा, आणि झाकण रात्रभर उलटे ठेवा. मांसाहारासाठी दुसरी रिंग ठेवणे सगळ्यांत सोपे. ती फार महाग नसते आणि बदलायला मिनिटही लागत नाही.